हलक्या गड्याची बाजू

गावच्या उरुसात कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा एक गोष्ट नेमाने घडते. हलगी घुमू लागते आणि दोन गडी तांबड्या मातीत उतरतात. एकाची मान बैलासारखी, मांड्या उखळासारख्या. दुसरा त्याच्या खांद्याला लागणारा, अंगाने सडसडीत, नाव फारसे कुणाला ठाऊक नसलेला. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांचे या दोघांशी नाते नाही की गोते नाही. तरीही हलक्या गड्याने भारी गड्याला क्षणभर गुडघ्यावर आणले की सारा फड उठून उभा राहतो, फेटे उडतात. आणि गंमत अशी की, याच मंडळींना कुणी विचारले, 'बोला, पैज कुणावर लावता?' तर त्यांतले बहुतेक जण मुकाट्याने भारी गड्याचे नाव घेतील. टाळी एकाला आणि पैसा दुसऱ्यावर, असा हा मनुष्यस्वभावाचा दुहेरी हिशेब आहे.

निवडणुकीतले मत ही यांपैकी टाळी समजायची की पैज? उगवत्या सूर्याला नमस्कार घालणारे, 'आपले मत फुकट जाऊ नये बुवा' असे म्हणत जिंकणाऱ्याच्या मागे उभे राहणारे मतदार पुष्कळ असतात. सगळेच तसे असते तर उमेदवारांनी नुसत्या आपल्या ताकदीच्या बढाया मारल्या असत्या. प्रत्यक्षात ते तसे करत नाहीत. सभेत उभा राहिलेला उमेदवार सांगतो की मी एकटा आहे, माझ्यामागे पैसा नाही, सारे बडे लोक माझ्याविरुद्ध एकवटले आहेत. हे सांगायला तो दहा मोटारींच्या ताफ्यातून आलेला असतो. पण त्याने फारसे बिघडत नाही. ज्याच्या प्रचाराला विमाने लागतात तोही हेच म्हणतो. लहान दिसण्याची ही चढाओढ मोठे होण्याच्या चढाओढीइतकीच जुनी आहे, आणि तिच्याकडे राजकारण म्हणून पाहण्याऐवजी एक कथाप्रकार म्हणून पाहावे असे मला फार दिवस वाटत आले आहे. निवडणूक ही भित्तिपत्रके, कोपरा-सभा, व्यंगचित्रे आणि कानोकानी पसरणाऱ्या गोष्टी यांतून रचलेली एक कथा असते. तिला नायक असतो, खलनायक असतो, आणि शेवट वाचकाच्या हाती सोपवलेला असतो. मग तिची समीक्षा करायला काय हरकत आहे?

दिवाळीच्या दिवसांत हा विषय काढायला आणखी एक निमित्त आहे. परवा पाडव्याला घरोघरी बळीची आठवण निघेल. इडापीडा टळून बळीचे राज्य यावे असे आयाबहिणी ओवाळताना म्हणतील. त्या गोष्टीतला लहान कोण? वामन. बटूचे रूप, हातात छत्री-कमंडलू, मागणे अवघ्या तीन पावलांचे. दिसायला त्याच्याहून हलका गडी पुराणात दुसरा सापडणार नाही. आणि दोन पावलांत त्याने स्वर्ग आणि पृथ्वी व्यापली. पुराणिकाने कथा वामनाच्या बाजूने सांगितली, पण आपल्या शेतकऱ्याच्या घराने राज्य मागितले ते मात्र बळीचे. लहान दिसणे आणि दुबळे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या लोकमनाला केव्हाच उमगलेले होते. मतदानाच्या दिवशी ते का विसरले जाते, एवढाच प्रश्न आहे.

या कथाप्रकारातली आपल्याकडची अभिजात कृती म्हणजे १९६७ सालची दक्षिण मुंबईची लोकसभेची निवडणूक. एका बाजूला सदाशिव कानोजी पाटील, अर्थात स. का. पाटील. मुंबईचा अनभिषिक्त राजा हे त्यांचे सर्वतोमुखी झालेले बिरूद. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले, तीन वेळा मुंबईचे महापौर झालेले, मुंबई काँग्रेसच्या साऱ्या दोऱ्या हाती ठेवणारे, दिल्लीत अन्न आणि रेल्वे ही खाती सांभाळलेले मंत्री. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये असे म्हणणाऱ्यांत ते अग्रभागी होते, आणि तरीही १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भले भले वाहून गेले असताना हे मुंबईतूनच निवडून आले होते. असा गडी मातीत उतरला की समोर कोण उभे आहे हे बघण्याची कुणाला गरज वाटत नसे.

समोर उभे होते जॉर्ज फर्नांडिस. वय ३६. जन्म मंगळूरचा, घरच्यांनी पाद्री व्हावा म्हणून बंगळूरला धाडलेला हा मुलगा ते शिक्षण सोडून १९४९ साली मुंबईत आला. चौपाटीच्या बाकांवर झोपून त्याने सुरुवातीचे दिवस काढले. पुढे तो कामगार चळवळीत शिरला, लोहियांच्या समाजवादी पंथाचा झाला, १९६१ मध्ये महापालिकेत निवडून आला. पण कुठे महापालिकेतला एक नगरसेवक आणि कुठे केंद्रातला रेल्वेमंत्री! वर्तमानपत्रांनी ही जोडच विजोड ठरवली होती.

आता कथेची रचना पाहा. आपल्याला देवसुद्धा पाडू शकणार नाही, असे पाटील पत्रकारांपुढे म्हणाले, ही गोष्ट मुंबईभर झाली. ट्रामगाड्या बंद होऊन तीन वर्षे झाली होती, पण गोष्टी पसरायला बसगाड्या, चाळींचे जिने आणि इराण्याची हॉटेले पुरेशी होती. खलनायकाच्या तोंडी असे एक वाक्य पडले की नायकाचे अर्धे काम होते. आपल्या जुन्या नाटकांत राक्षस वर मागून घेतो आणि त्यात एक फट राहून जाते. इथे देवाचे नाव निघाले आणि माणसाची फट राहिली. फर्नांडिसांच्या माणसांनी ती अचूक हेरली. त्यांच्या भित्तिपत्रकांनी मुंबईकराला सांगितले की पाटलांना पाडणे शक्य आहे, आणि पाडणारे तुम्ही आहात.

समीक्षकाने क्षणभर इथे थांबावे, कारण सारी गोम या वाक्याच्या व्याकरणात आहे. या वाक्याचा कर्ता फर्नांडिस नव्हे. मी गरीब आहे, मी एकटा आहे, माझी दया करा, असा सूर त्यात कुठेच नाही. कर्ता आहे 'तुम्ही'. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत सात माणसांसह राहणारा कारकून, दिवसभर दुसऱ्याला हव्या त्या दिशेने गाडी हाकणारा टॅक्सीवाला, गोदीत पाठीवर पोती वाहणारा हमाल: हे सारे रोज कुणापुढे तरी मान वाकवून जगतात. साहेबापुढे, घरमालकापुढे, मुकादमापुढे, शाळेच्या प्रवेशासाठी ज्याचा शब्द चालतो त्याच्यापुढे. त्यांना धैर्य नसते असे नाही. धैर्याची किंमत परवडत नसते. मतदानकेंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मात्र ती किंमत शून्यावर येते. तिथे कुणी पाहत नाही, कुणी नोकरीवरून काढत नाही. मोठ्याला धक्का देण्याची आयुष्यातली एकमेव बिनधोक जागा म्हणजे तो आडोसा. हलक्या गड्याबद्दल आपल्याला वाटणाऱ्या ओढीत सद्भावनेइतकाच हा हिशेबही असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

फर्नांडिस सुमारे ३० हजार मतांनी निवडून आले. 'जायंट किलर' हे इंग्रजी बिरूद त्यांना चिकटले ते जन्मभर. १९६७ नंतरच्या पिढ्यांनी ही गोष्ट आईवडिलांकडून ऐकली असेल, आणि ऐकताना तिच्यात डेव्हिड आणि गोलायथ यांची सावली पाहिली असेल. गोष्ट खरीच आहे. फक्त तिच्या चौकटीबाहेर राहिलेल्या दोन-तीन बाबी मांडल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही.

पहिली म्हणजे, हा हलका गडी दिसत होता तितका हलका नव्हता. बेस्टचे कामगार, महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले यांच्या संघटना त्याच्यामागे होत्या. मनात आणले तर हा माणूस एका हाकेत मुंबईची चाके थांबवू शकत होता, आणि तसे त्याने केलेही होते. त्या वेळी त्याच्या विरोधकांनी त्याला दुबळा म्हटले नव्हते, गुंड म्हटले होते. म्हणजे पाटलांकडे थैली होती आणि फर्नांडिसांकडे माणसे होती. कुस्ती विजोड खरीच; पण एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला मुंगी असा काही प्रकार नव्हता. दुसरी म्हणजे, स. का. पाटीलही रेशमी दुलईत जन्मलेले नव्हते. कोकणातून मुंबईला येऊन, असहकाराच्या हाकेला ओ देऊन शिक्षण सोडणारा तरुण हीसुद्धा एके काळची हलक्या गड्याचीच गोष्ट. तिचे नंतरचे प्रकरण १९६७ साली वाचले गेले, इतकेच.

हे त्याच वर्षी मद्रासकडे आणखी बोचक रीतीने घडले. विरुदुनगरला के. कामराज पडले. ज्यांनी दोन पंतप्रधानांच्या निवडीत सूत्रे हलवली त्या कामराजांना पी. श्रीनिवासन नावाच्या विद्यार्थी-पुढाऱ्याने सुमारे तेराशे मतांनी हरवले. कामराज गरीब घरातले, लहानपणीच शाळा सुटलेले, उपेक्षित मानल्या गेलेल्या जातीतले. गरिबांच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळावे म्हणून मुख्यमंत्रिपदावरून झटलेले. या जोडीत हलका गडी कुणाला म्हणावे? पदाकडे पाहिले तर श्रीनिवासनला. जन्मापासूनचा प्रवास मोजला तर उत्तर बदलते. मतदाराने त्या दिवशी पद पाहिले.

आणि अन्याय झालेला प्रत्येक माणूस जिंकतो असेही नाही. त्याच १९६७ मध्ये, त्याच मुंबईत, व्ही. के. कृष्ण मेनन यांना काँग्रेसने तिकीट नाकारले. पाच वर्षांपूर्वी आचार्य कृपलानींसारख्यांना हरवून मोठ्या बहुमताने निवडून आलेला हा नेता ईशान्य मुंबईत अपक्ष म्हणून एकटा उभा राहिला. पक्षाने टाकलेला, आजारी, वृद्ध: सहानुभूतीचे सारे साहित्य तयार होते. काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांनी त्यांना हरवले. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेने मेनन परके आहेत अशी हाकाटी केली होती. हलक्या गड्याला टाळी पडते खरी, पण तो आपल्यातला वाटला तर. हे कलम त्या कथेत बारीक अक्षरात छापलेले असते.

मानसशास्त्राच्या पंडितांनीही या ओढीची परीक्षा घेतली आहे. जोसेफ व्हँडेलो या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतला एक फार बोलका आहे. विषय इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्या झगड्याचा. वाचणाऱ्यांना दिलेली हकीकत एकच; सोबतचा नकाशा तेवढा निराळा. एका नकाशात इस्रायल मोठा आणि त्याच्या कडेला पॅलेस्टिनी प्रदेशाचे लहानसे तुकडे. दुसऱ्या नकाशात भोवतालचे सारे अरब देश दाखवलेले, आणि त्यांच्या मधोमध इस्रायल तिळाएवढा. ज्यांच्या हाती पहिला नकाशा पडला त्यांचा ओढा पॅलेस्टिनींकडे वाढला, दुसरा पडला त्यांचा इस्रायलकडे. हकीकत बदलली नव्हती, कुणाची बाजू अधिक न्यायाची झाली नव्हती. कागद किती मोठा घेतला, एवढाच फरक.

निवडणुकीचा प्रचार म्हणजे दुसरे काय असते? प्रत्येक पक्ष आपापल्या मापाचा कागद घेतो आणि त्यावर स्वतःला तिळाएवढा काढतो.

या चित्रकलेचा कळस पाहायचा तर १८४० सालच्या अमेरिकेत जायला हवे. अध्यक्षपदाचा एक उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यात वाढलेला. त्याच्या बापाची सही १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. विरोधी बाजूच्या एका वर्तमानपत्राने त्याच्या वयाची थट्टा केली: या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचे एक पिंप आणि थोडे पेन्शन द्या, लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत शेकोटीशी सुखाने बसून राहील. हॅरिसनच्या पक्षाने ही थट्टा झेलली आणि डोक्यावर घेतली. झोपडी हेच त्यांचे निशाण झाले. गाड्यांवर झोपड्या बांधून मिरवणुका निघाल्या, पिंपे फुटली, गाणी झाली. समोरचा उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरन त्या वेळी अध्यक्ष होता. तो खरोखर एका खेड्यातल्या खाणावळवाल्याचा मुलगा. पण त्याच्यावर आरोप झाला तो सोन्याच्या चमच्यांनी जेवण्याचा! जमीनदाराचा मुलगा झोपडीवाला ठरला, खाणावळवाल्याचा मुलगा उमराव ठरला, आणि निर्वाचकांची मते पडली २३४ विरुद्ध ६०. हॅरिसन शपथ घेतल्यानंतर महिनाभरात वारला, त्यामुळे त्या झोपडीतून कसला कारभार निघाला असता हे कधी दिसलेच नाही. पण तेव्हापासून अमेरिकेत झोपडीचे भाडे फार चढले आहे.

दक्षिण मुंबईच्या गोष्टीचा दुसरा अंक चार वर्षांनी झाला आणि तो पहिल्यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण होता. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. बुजुर्ग पुढाऱ्यांची जी मंडळी 'सिंडिकेट' म्हणून ओळखली जात, तिच्यात स. का. पाटील होते, कामराज होते. १९७१ च्या निवडणुकीत या संघटना काँग्रेसने जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांच्याशी आघाडी केली. त्या शेवटच्या पक्षात जॉर्ज फर्नांडिस होते. म्हणजे राक्षस आणि राक्षसाला मारणारा, दोघे एका मांडवात! समोर होत्या इंदिरा गांधी. हाती देशाचे पंतप्रधानपद, सरकारी यंत्रणा, आकाशवाणी, घराण्याचे नाव. सत्तेच्या मोजपट्टीने पाहिले तर त्यांच्याहून भारी गडी देशात नव्हता. पण विरोधकांनी त्यांना हटवा अशी आरोळी ठोकली आणि आपल्या हातांनी त्यांना हलक्या गड्याचा लंगोट बहाल केला. ते मला हटवा म्हणतात, मी गरिबी हटवा म्हणते, हे त्यांचे उत्तर देशभर घुमले. एकटी बाई आणि तिच्यावर तुटून पडलेले म्हातारे, असे चित्र मतदाराच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांना ३५२ जागा मिळाल्या. दक्षिण मुंबईत फर्नांडिस पडले.

हा विजय नुसत्या चित्राचा होता असे म्हणणे मतदाराचा अपमान करण्यासारखे होईल. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, संस्थानिकांच्या तनख्यांचा वाद पेटला होता, गरिबाला आपल्या बाजूने कुणी बोलते आहे असे वाटत होते. पण या कथेत एक बदल झाला होता, तो नजरेतून सुटू नये. १९६७ च्या भित्तिपत्रकावर कर्त्याच्या जागी 'तुम्ही' होता. १९७१ मध्ये त्या जागी 'मी' आला. मतदाराने मोठ्याला पाडायचे नव्हते. त्याने एका माणसाला वाचवायचे होते. दोन्ही वाक्ये ऐकताना छाती सारखीच भरून येते, म्हणून त्यांतला फरक कळत नाही. पहिले वाक्य मतदाराला ताठ उभे करते. दुसऱ्या वाक्यात तो पुन्हा कुणासाठी तरी हात जोडतो, फक्त या वेळी प्रेमाने. चार वर्षांनी, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली आणि ज्यांनी वाचवले होते त्यांना काही विचारायची गरज कुणाला उरली नाही.

१९७७ मध्ये पारडे पुन्हा फिरले. रायबरेलीत राजनारायण यांनी खुद्द पंतप्रधानांना ५५ हजारांवर मतांनी पाडले. फर्नांडिस तुरुंगात होते. बेड्या घातलेला हात वर उचललेले त्यांचे छायाचित्र गावोगाव पोहोचले आणि बिहारमधल्या मुझफ्फरपूरने, जिथे ते प्रचाराला जाऊही शकले नाहीत, त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. इथे मी कथेत खोट काढणार नाही. त्या बेड्या रंगभूमीवरच्या नव्हत्या.

पण त्याच वर्षीचे दुसरे एक चित्र मला अधिक अस्वस्थ करते. मे १९७७ मध्ये बिहारमधल्या बेलची गावात ११ माणसांना मारून जाळण्यात आले. त्यांतले बहुतेक दलित. देशभर संताप उसळला. ऑगस्टमध्ये, पराभवाला पाच महिने झाले असताना, इंदिरा गांधी तिकडे निघाल्या. भर पावसाळा, वाटेवर चिखल आणि पाणी. जीप रुतली, ट्रॅक्टर रुतला, तेव्हा त्या हौदा नसलेल्या हत्तीच्या पाठीवर बसून रात्रीच्या अंधारात त्या गावी पोहोचल्या. यातले धैर्य नाकारता येणार नाही. ज्यांच्या हाती सरकार होते त्यांच्यापैकी किती जण त्या चिखलातून तिथे गेले, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि तो रास्त होता. त्या घरांतल्या बायकांना कुणीतरी आले याचे बरेही वाटले असेल. पण कथा म्हणून हे चित्र पाहिले, तर काय दिसते? देशाला आठवतो तो हत्ती. आठवते ती त्यावर बसलेली, सत्ता गेलेली, एकाकी बाई. बेलचीच्या वाटेवरून त्यांच्या पुनरागमनाचा प्रवास सुरू झाला असे इतिहासकार लिहितात. पुढच्या वर्षी चिकमगळूर, मग लोकसभेतून हकालपट्टी आणि तिहारमधले काही दिवस, आणि १९८० मध्ये ३५३ जागा. जे ११ जण जळाले त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? खऱ्या दुबळ्यांच्या चितेच्या उजेडात दुसऱ्याच कुणाचे दुबळेपण उजळून निघाले. हलक्या गड्याच्या कथेत सर्वांत हलका जो असतो त्याला बहुधा पात्र म्हणून जागा मिळत नाही. तो पडद्यावर रंगवलेला असतो.

त्याला जागा मिळाली असती असा एक प्रसंग आपल्या राज्यात येऊन गेला. पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५२. उत्तर मुंबईच्या मतदारसंघातून दोन उमेदवार निवडायचे होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांचा आणि समाजवाद्यांचा समझोता झाला होता आणि समाजवाद्यांचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने नारायण काजरोळकर यांना उभे केले. तेही अनुसूचित जातीतलेच, पण आंबेडकरांच्या तुलनेत फारसे नाव नसलेले.

आता व्हँडेलोचे ते दोन नकाशे या जोडीवर ठेवून पाहा. कागद लहान घेतला, दोन माणसांपुरता, तर हलका गडी काजरोळकर. समोर जगाने ओळखलेला विद्वान, माजी कायदेमंत्री, घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष. कागद मोठा घेतला तर काजरोळकरांच्या मागे पंडित नेहरूंची काँग्रेस उभी दिसते, स्वातंत्र्य मिळवून दिल्याची तिची सारी पुण्याई दिसते, आणि याच शहरात त्या पक्षाचे सर्वेसर्वा असलेले स. का. पाटील दिसतात. त्याहून मोठा कागद घेतला, शेकडो वर्षांच्या मापाचा, तर आंबेडकर ज्यांच्यासाठी बोलत होते त्यांच्याहून हलके या भूमीवर दुसरे कोणीच नव्हते. निवडणूक लहान कागदावर झाली की मधल्या, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवावे. तिसऱ्या कागदावर ती झाली नाही, एवढे नक्की. आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले.

याला कारणे बरीच दिली जातात: काँग्रेसची संघटना, डाव्या पक्षांची फाटाफूट, वाया गेलेली मते. ती सारी खरी आहेत. मला त्यांत आणखी एक जोडावेसे वाटते. सहानुभूतीची लाट उठायला आधी कुणीतरी सहानुभूती मागावी लागते, किंवा निदान आपले दुबळेपण मिरवावे लागते. आंबेडकरांचे सारे राजकारण हेच नाकारण्यावर उभे होते. अस्पृश्यांवर दया करा असे ते कधी म्हणाले नाहीत. आमचे आम्हाला द्या असे म्हणाले, आणि तेही अंगात सूट घालून, हातात कायद्याचे पुस्तक घेऊन, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. हलक्या गड्याने थोडे वाकून उभे राहावे अशी फडाची अपेक्षा असते. जो ताठ उभा राहतो, ज्याच्या आवाजात मालकीची भाषा असते, त्याला फड हलका मानतच नाही. उलट 'फार गर्विष्ठ आहे हो' असे म्हणतो. राजवाड्यातून आलेल्या माणसाने चिखलात पाय ठेवला की आपल्याला गहिवरून येते. चिखलातून आलेला माणूस पायरी चढून वर आला की तो गहिवर जातो कुठे, हे तपासायला हवे.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, विदर्भातल्या भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागा, एक राखीव. पुन्हा तीच दोन नावे मतदारांसमोर आली: सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, राखीव जागेसाठी आंबेडकर. अशोक मेहता निवडून आले. आंबेडकर पडले. तिथेही प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते होती.